गोठ्यातली येझदी

मामांच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे बावीस वर्षे एक येझदी उभी होती. 1974 ची. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. मी रंगाचे नमुने घेऊनच गेलो होतो. मामा म्हणाले, "रंग काय, दिवाळीला भिंतींनाही देतो आपण. आधी इंजिन खोल."

ही गाडी मुळात चेक. फ्रांतिशेक यानेचेकने 1929 मध्ये जर्मन वाँडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे (Ja, Wa) जोडून 'जावा' झाले. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती म्हैसूरला बनवायला घेतली. 1973 पासून टाकीवर 'येझदी' आले. इराणातल्या याझ्द शहरावरून हे नाव पडले असे सांगतात. गंमत म्हणजे चेक भाषेत 'येझ्दी'चा अर्थच 'गाडीने फिरतो' असा होतो. 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

हिची किक अनोळखी माणसाला सापडत नाही. डावीकडची गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक. आमची मात्र हलेना. पिस्टन जाम. अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावणारा आतले दाते मोडून बसतो. आम्ही प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतले आणि आठ दिवस गाडीकडे पाहिले नाही. मग टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे डोलवत राहिलो. नवव्या दिवशी आत 'कच्च' झाले.

आता सुरू करून बघावी, हा मोह इथेच होतो, आणि हौशी लोकांचा पहिला नवा पिस्टन इथेच जळतो. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमधून श्वास घेते: पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवेचे मिश्रण खाली ओढले जाते, तो खाली आला की ते दाबून वर ढकलले जाते. ही पोकळी हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांच्या रबरी ऑइल सील. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत त्या सुकून टणक होतात. डावीकडची, क्लचच्या बाजूची गेली तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते. पांढरा धूर निघतो, म्हणजे निदान कळते तरी. उजवीकडची, डायनॅमोच्या बाजूची गेली तर नुसती हवा शिरते. मिश्रण पातळ होते, गाडी जरा जास्तच उत्साहाने पळते आणि चढावर पिस्टन धरतो. या दोन सीलची किंमत रंगकामापुढे चिल्लर. पण बदलायच्या तर इंजिन खोलावे लागते, म्हणून ते काम राहून जाते.

बोअर मूळचा 65 मिलिमीटर. आमच्यात हॉनिंगने न जाणारे गंजाचे खड्डे होते, म्हणून सिलेंडर लेथवाल्याकडे गेला आणि अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन आला. हेडलाइटची रिंग पुण्याच्या जुन्या बाजारात, नळाच्या तोट्यांच्या ढिगात मिळाली. टाकीत व्हिनेगर आणि सायकलची जुनी चेन घालून दोन दिवस घुसळली. (गळकी टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला देऊ नका, उरलेली वाफच भडकते.)

रंग शेवटी दिलाच नाही. मामांच्या गुडघ्यांनी टाकीवर दोन्ही बाजूंना घासलेले डाग आहेत, ते तसेच ठेवले. त्यावर माझ्या भावाशी अजून वाद चालू आहे.

उरला आरटीओ. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांनी वेगळी 'व्हीए' मालिका आणली: नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. पाटी दिसते झोकदार, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन-दुरुस्ती एवढेच. मामांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "म्हणजे डेअरीवर न्यायची नाही?"

नेहमीचेच आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतले. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिलि ऑइल मामा अजून डोळ्यांनीच मोजतात.