पाय धुतले, त्यांत यहूदाही होता



आपण एकमेकांवर प्रीती केली, तर त्यावरून लोक आपल्याला प्रभूचे शिष्य म्हणून ओळखतील (योहान 13:35). हे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तर लेवीयातही होती (19:18). मग प्रभू तिला ‘नवी’ का म्हणतो? कारण तिचे माप नवे आहे: प्रभूने जशी केली, तशी. त्याच रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले होते. त्यांत यहूदाही होता. तो थैलीतले पैसे चोरत असे, हे योहानच सांगतो (12:6). प्रभूला सगळे ठाऊक होते, तरी त्याने यहूदाला वगळले नाही.

आपल्या सोलापुरात या वचनाची कसोटी फार जवळून लागली आहे. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या लेकरावरही तो शिक्का. पारधी, कैकाडी अशा कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. रोज हजेरी, बाहेर जायचे तर परवानगी. अमेरिकन मराठी मिशनने या वसाहतीत काम केले, शिक्षण दिले. ती सेवा खरी होती. पण कुंपणही खरे होते. जुन्या मिशनऱ्यांचे गुणगान करताना आपण ही दुसरी बाजू गाळतो, ते बरे नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. तार गेली, संशय राहिला. आजही कुठे चोरी झाली की आधी बोट पारध्यांच्या पालाकडे जाते. त्यात आपलेही बोट असते का?

डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करीत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर ती करता येत नाही, असे योहान म्हणतो (1 योहान 4:20). यातला ‘दिसणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सात रस्त्यावर सिग्नलला हात पसरणारे पोर आपल्याला दिसते. पण त्याचे नाव आपण विचारलेले नसते. एखाद्या जमातीची कीव येणे सोपे. एका माणसाला नावाने ओळखणे, त्याला घरात खुर्ची देणे, मंडळीत आपल्या शेजारी बसवणे याला अधिक लागते.

आणि वेळही लागतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, पण जातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे रानोमाळ फिरले, त्यांनी तो आणायचा कुठून? जुन्या शाळेचे रजिस्टर धुंडाळायचे, गृहचौकशीसाठी अर्ज करायचा, प्रांत कार्यालयात पुन्हा पुन्हा खेटे घालायचे. रोजंदारीवरच्या बाईची त्यात दरवेळी एका दिवसाची मजुरी बुडते. अर्ज वाचता येणारा, साहेबापुढे न बिचकणारा कोणी सोबत असला, तर निदान तिला चुकीच्या खिडकीपुढे दिवसभर उभे राहावे लागत नाही. मंडळीतल्या निवृत्त शिक्षकांना आणि कारकुनांना हे काम चांगले जमते.