बोलका इतिहास

अमेरिकेच्या पूर्व भागातील व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथे इंग्रजांची सत्ता होती, त्या काळी हे गाव व्हर्जिनियाची राजधानी होते. १७८० साली राजधानी रिचमंडला गेली आणि गावाचे वैभव ओसरले. जुन्या इमारती मोडकळीस आल्या. ही दुर्दशा तेथील चर्चचे धर्मोपदेशक गुडविन यांना पाहवेना. त्यांनी धाकटे जॉन रॉकफेलर या धनिकाचे मन वळविले आणि १९२६ च्या सुमारास गावाच्या जीर्णोद्धारास हात घातला गेला. अठराव्या शतकातील ऐंशीहून अधिक इमारती दुरुस्त झाल्या. नष्ट झालेल्यांपैकी कित्येक जुन्या पायांवर पुन्हा उभ्या राहिल्या.

परंतु माणसांवाचून गाव ते कसले! प्रारंभी जुन्या धाटणीचा पेहराव केलेल्या स्त्रिया पाहुण्यांना इमारती दाखवीत असत. पुढे याहून अवघड अशी एक रीत तेथे रुळली. त्या काळात होऊन गेलेल्या एखाद्या व्यक्तीची भूमिका घ्यावयाची आणि तिच्याच तोंडाने बोलावयाचे. तीनकोनी टोपी, गुडघ्यापर्यंतची तंग विजार, पायात बकलांचे बूट अशा वेषातील गृहस्थ रस्त्याने येतात. ते असतात थॉमस जेफर्सन. जेफर्सन यांचे शिक्षण याच गावी झाले होते. एखाद्या मुलाने त्यांना विचारले, “तुम्ही आगगाडीने आलात का?” तर ते गोंधळून उलट विचारतील, “आगगाडी म्हणजे काय?” कारण त्यांच्या काळी ती नव्हती!

असे बोलता येणे सोपे नव्हे. गावातील शिंपी आजही हातशिलाईने त्या काळचे कपडे शिवतात, केसांचे टोप बनविणारे कारागीरही आहेत. पण वेष ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट. भूमिका घेणाऱ्याला त्या व्यक्तीची पत्रे, हिशेबाच्या वह्या, न्यायालयाचे कागद, तत्कालीन वर्तमानपत्रे हे सारे बारकाईने वाचावे लागते. श्रोते काय विचारतील याचा नेम नसतो. “सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे १७७६ साली लिहिणाऱ्या आपल्याजवळ शेकडो गुलाम कसे?” असा प्रश्न जेफर्सन यांना कोणीही करू शकतो. तेव्हा नटाने त्यांची बाजू सजवून मांडावयाची नसते, की प्रश्न टाळावयाचा नसतो. जेफर्सन यांनी जे लिहून ठेवले, त्याच्याच आधाराने उत्तर द्यावयाचे असते.

अठराव्या शतकात या गावातील निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतील बहुतेक सारे गुलाम होते. तरीही अनेक वर्षे येथील देखाव्यांत त्यांना फारसे स्थान नव्हते. १९७९ पासून कृष्णवर्णीय कलावंत त्यांच्या भूमिका करू लागले. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात तर गुलामांच्या लिलावाचाच प्रसंग भर रस्त्यात उभा करण्यात आला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी त्याला विरोध केला. आपल्या पूर्वजांच्या दुःखाचा असा तमाशा व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. या प्रयोगाची सूत्रे एका कृष्णवर्णीय स्त्रीच्याच हाती होती. आधी पाहा, मग न्याय करा, असे तिने विरोधकांना विनविले. लिलाव पाहताना अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. विरोधकांच्या नेत्यांपैकी एकाने प्रयोग पाहिल्यावर आपले मत बदलले. काहींचा विरोध मात्र कायम राहिला.

आज या रस्त्यांवर जेफर्सन यांच्याप्रमाणे जेम्स नावाचा एक गुलामही भेटतो. लाफायेत या फ्रेंच सेनापतीसाठी त्याने १७८१ साली इंग्रजांच्या छावणीत शिरून हेरगिरी केली. त्याच वर्षी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. देश स्वतंत्र झाला. जेम्स मात्र गुलामच राहिला. त्याने अर्ज केला, लाफायेत यांनी त्याच्या कामगिरीचे प्रशस्तिपत्र दिले, आणि १७८७ साली तो मुक्त झाला. पुढे त्याने स्वतःच्या नावापुढे ‘लाफायेत’ हे आडनाव लावले. युद्ध जिंकल्यावरही आपणांस इतकी वर्षे का थांबावे लागले, असे पाहुणे त्याला विचारतात.