मोळीतले पाणी

वीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन एक बाई जंगलातून घरी निघाली आहे. त्यात लाकूड किती आणि पाणी किती? ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचेच असू शकते. म्हणजे दहा किलो सरपण आणि घागरभर पाणी. अशी मोळी चुलीत घातली की आधी तिच्यातले पाणी उकळते, मग भाताचे.

हिशेब सोपा आहे. एक किलो पूर्ण कोरडे लाकूड साधारण साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता देते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात त्यातल्या सुमारे सहाशे जातात. ओल्या मोळीतून हाती उरतात ३९ हजार. तेवढ्याच वजनाची, पण वाळून पाणी २० टक्क्यांवर आलेली मोळी जवळजवळ ७० हजार देते. वाळलेल्या दहा मोळ्यांचे काम करायला ओल्या अठरा लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे या आठ जादा खेपा नुसती दगदग नसतात. तालुक्यातल्या घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण वाघ काही अभयारण्याची हद्द पाहून फिरत नाही. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. पाने असोत, मोहफुले असोत की काड्या, वाकून काम करणाऱ्या माणसाला धोका तोच. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून गॅस घरोघरी आला, तरी आंघोळीचे पाणी आणि मोठ्या गंजातले रांधणे चुलीवरच राहिले. सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात, काडीला लागत नाहीत. तेव्हा जंगलात जायचेच असेल, तर कमी वेळा कसे जाता येईल, हा खरा प्रश्न.

पहिली निवड झाडाची. वजनाला वजन धरले तर बहुतेक कोरडी लाकडे सारखीच उष्णता देतात. फरक पडतो घनतेने. धावडा, येन, बाभूळ ही जड लाकडे सावकाश जळतात आणि टिकाऊ निखारा देतात. सालई चटकन पेटते आणि चटकन संपते. काटेसावर तर हातात घेतली की हलकी लागते, तशीच चुलीतही हलकी. पेटवणीला धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या पुरतात. मोहाला सहसा कोणी हात लावत नाही. फुले आणि फळे देणारे झाड जाळायचे कसे? बांबू जाळला तर वंश बुडतो म्हणतात. शिवाय पेरातली कोंडलेली हवा आणि वाफ फुटून निखारे उडतात, हे चुलीपुढे बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

उभे वठलेले लाकूड सर्वांत बरे, कारण ते जागच्या जागी वाळलेले असते. जमिनीवर पडून राहिलेले ओल धरते आणि कुजून भुसभुशीत होते. त्यात वजन राहत नाही, धगही नाही.

दुसरे काम फोडण्याचे. लाकडातले पाणी बाजूंपेक्षा टोकांकडून लवकर निघते आणि साल त्याला अडवून धरते. म्हणून आखूड तुकडे करून उभे फोडायचे. माघ-फाल्गुनात फोडलेल्या लाकडाला चंद्रपूरचा उन्हाळा फुकट वाळवतो. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन काड्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजल्या, की सरपण झाले. बद्द आवाज आला तर अजून पाणी आहे. तेच पाणी आग थंड ठेवते. मग लाकडातले वायू पुरते न जळता धूर होऊन डोळ्यांत आणि छातीत जातात.

मृगापूर्वी रास लावायची. दगडांवर दोन बल्ल्या आडव्या टाकून वीतभर उंच रचली की ओल आणि उदई दोन्ही दूर राहतात. वर छप्पर हवे, पण चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळू नये. आतला दमट वारा कोंडतो. भिंतीपासून थोडी जागा सोडावी. गेल्या वर्षीची रास वेगळी ठेवून आधी तीच संपवावी. काडी ओढण्यापूर्वी राशीवर काठी आपटावी, कारण विंचू-सापांनाही ही जागा आवडते.

उरतो हक्काचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट धरले आहेत. निस्ताराचा, म्हणजे घरच्या गरजेपुरते जंगलातून घेण्याचा, जुना हक्कही त्यात आला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क असलेल्या ग्रामसभेला जंगलवापराचे नियम ठरवता येतात. काडी कुठून आणायची, कधी आणि किती जणींनी मिळून जायचे, हेही तिथे बसून ठरू शकते.

दिवाळीला पावसाळा सरलेला असतो आणि राशीचा तळ दिसू लागतो. तळातली एक काडी काढून दुसरीवर आपटून पाहा. बद्द वाजली, तर पुढच्या रचणीला खालचे दगड आणखी वीतभर उंच हवेत.