आजोबांची पेटी आणि माझी घाई

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत काळी, ठोकळ्यासारखी एक पेटी सापडली. आजोबांचा कॅमेरा! बँकेच्या नोकरीत दुसऱ्या अधिकाऱ्याच्या किल्लीशिवाय मी कधी तिजोरी उघडली नाही. ही पेटी मात्र त्याच क्षणी, भर उजेडात उघडली. आत अर्धवट गुंडाळलेली फिल्म होती. तिच्यावर जे काही उमटले असेल, ते उजेडाने गिळले. आजीचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही; त्यामुळे ही चुटपुट जन्माची आहे.

म्हणून वाचकांना विनंती, अशी पेटी हाती आल्यास प्रथम तिच्या पाठीवरच्या लाल काचेत पाहावे. आकडा दिसला तर आत फिल्म आहे असे समजावे आणि पेटी न उघडता जाणकाराकडे सोपवावी.

आतल्या अक्षरांवरून ओळख पटली : कोडॅकचा ‘नंबर २ ब्राउनी’. याच्यासाठी १९०१ मध्ये निघालेली १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते. एका रिळात ६ बाय ९ सेंटिमीटरची ८ छायाचित्रे येतात. सूर्य पाठीशी घ्यावा, कॅमेरा पोटाशी घट्ट टेकवावा, श्वास रोखून खटका सरकवावा. लगेच लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत किल्ली फिरवावी; विसरल्यास एकावर एक दोन चित्रे उमटतात.

नव्या रिळावरचे पहिले छायाचित्र मी पत्नीचे काढले. त्याच्या मागे तिचे नाव आणि तारीख शाईने लिहून ठेवली आहे.