उडत्या पांखराचें छायाचित्र

उडत्या पक्ष्याचें चित्र घ्यावयाचें म्हणजे वेगवान् कॅमेरा हाताशीं असला कीं झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आजचे कांहीं कॅमेरे एका सेकंदांत वीस किंवा त्याहून अधिक चित्रें टिपतात आणि पक्ष्याचा डोळा आपण होऊन हुडकून त्यावर भिंग रोखतात. तरीहि पाणवठ्यावर दिवसभर बसून रिकाम्या हातांनीं परतणारे लोक पुष्कळ असतात, आणि साध्या यंत्रावर उत्तम चित्र मिळविणारेहि कांहीं असतात. हा फरक कशामुळें पडतो?

प्रथम थोडें गणित पाहिलें पाहिजे. एखादा पक्षी सेकंदास १५ मीटर, म्हणजे ताशीं ५४ किलोमीटर वेगानें चालला आहे असें समजा. शटर १/६० सेकंद उघडें राहिलें, तर तेवढ्यांत तो २५ सेंटिमीटर पुढें जातो. १/१००० सेकंदांतहि तो दीड सेंटिमीटर सरकतोच. २० मीटरांवरून ४०० मिलिमीटरच्या भिंगानें त्याचें चित्र घेतल्यास प्रतिमा मूळ आकाराच्या सुमारें एक-पन्नासांश उमटते. म्हणजे त्या दीड सेंटिमीटरचा ०.३ मिलिमीटर लांबीचा फराटा होतो. आंकडा क्षुल्लक दिसतो. पण चित्र मोठें केलें कीं पिसांची रेष न् रेष त्यांत बुडून जाते.

यावर उपाय दोन. शटरचा काळ आणखी कमी करणें हा पहिला. पण त्याला प्रकाश भरपूर लागतो. पक्ष्याच्या गतीबरोबर कॅमेराहि तितक्याच संथपणें फिरवीत नेणें हा दुसरा; त्यानें पक्ष्याचें अंग स्थिर उमटतें आणि मागील झाडी तेवढी पुसट होते. याखेरीज अंतराची अडचण असतेच. हेंच भिंग ५.६ च्या छिद्रावर ठेवून १० मीटरांवरील पक्ष्यावर रोखलें, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर खोलीचा असतो. पक्षी त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे गेला कीं चित्र फसलें.

परंतु सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसून माणसाची आहे. डोळ्यांनीं पाहिल्यापासून बोटानें कळ दाबेपर्यंत सुमारें १/५ सेकंद जातो; तेवढ्यांत आपला पक्षी ३ मीटर पुढें गेलेला असतो. म्हणून झेप दिसल्यावर कळ दाबणारा नेहमीं मागेंच राहतो. कळ दाबण्याच्या क्षणापूर्वींचीं चित्रेंहि राखून ठेवणारे कॅमेरे आतां निघाले आहेत. पण ते योग्य दिशेला रोखलेले असले तरच उपयोग. पक्षी पुढें काय करणार, हें आधीं ओळखावें लागतें. आणि ती ओळख त्याच्या संवयी जाणल्यानेंच होते.

भीमेवरील उजनीच्या जलाशयांत, भिगवणच्या परिसरांत, कवड्या धीवर हा काळा-पांढरा पक्षी पुष्कळ दिसतो. मासा हेरला कीं तो पाण्यावर एका जागीं पंख फडफडवीत तरंगतो. चोंच खालीं वळलेली असते आणि अंग जवळजवळ स्थिर असतें. मग पंख आवरून तो सरळ खालीं सूर मारतो. हें तरंगणें म्हणजे पुढील सुराची पूर्वसूचनाच होय. ती ओळखणारा तेव्हांच भिंग रोखतो आणि पक्ष्याच्या खालची जागा मोकळी ठेवतो. वेडा राघू उडता कीटक पकडून बहुधा पुन्हां त्याच काटकीवर येऊन बसतो. तेथें भिंग रोखून वाट पाहणाऱ्यास त्याच्यामागें धांवावें लागत नाहीं. रोहित पक्षी उडण्यापूर्वीं पाण्यावर कांहीं पावलें धांवतो, आणि बहुतेक पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात. म्हणून वारा व सूर्य दोन्ही पाठीशीं घेऊन बसणाऱ्यास तो समोरून आणि उजेडांत सांपडण्याचा संभव अधिक.

हें धोरण जुनेंच आहे. १८८२ सालीं मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. नळींत भिंग आणि मागें फिरती तबकडी, अशा त्या यंत्रानें सेकंदास १२ चित्रें निघत. प्रत्येकास १/७२० सेकंद लागे. पक्षी उडतो कसा, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं पुढें १९०० च्या सुमारास बैलाचें कातडें पोकळ सांगाड्यावर चढवून त्यांत बसून चित्रें घेतलीं. कारण चरणाऱ्या गुराला पांखरें भीत नाहींत, माणसाला भितात.

या कलेचा खरा कस येथेंच लागतो. टिटवी उन्हाळ्यांत उघड्या माळावर खडे-मातींत अंडीं घालते. नर-मादी आळीपाळीनें त्यांवर बसून सांवली धरतात, पोटाचीं पिसें भिजवून आणून अंड्यांना गारवा देतात. माणूस जवळ येऊन बसला, तर ती ओरडत भोंवतीं फिरते, पण अंड्यांवर येत नाहीं. आणि वैशाखाच्या उन्हांत तेवढा वेळ अंड्यांतील जीव संपविण्यास पुरेसा होतो. तिच्या ओरडण्यानें कावळ्यांनाहि पत्ता लागतो, तो वेगळाच. थवा उडावा म्हणून त्यांत होडी घालणें किंवा मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याशीं झुंजविणें, हेंहि याच जातीचें. चरण्याचा वेळ आणि अंगांतील शक्ति खर्च होते ती पक्ष्याची; चित्र मात्र दुसऱ्याचें होतें.

१९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीची जी व्याख्या केली आहे, तींत पक्ष्यांचीं अंडीं किंवा घरटीं यांना उपद्रव देणें याचाहि समावेश आहे. हातांत बंदूक असो वा कॅमेरा, त्या व्याख्येला फरक पडत नाहीं. पक्ष्यानें मान ताठ केली, चरणें थांबविलें किंवा तो ओरडूं लागला, कीं चार पावलें मागें सरावें. ज्याला पक्ष्याची झेप आधीं ओळखतां येते, त्याला त्याचें भयहि ओळखतां आलें पाहिजे. चित्र काढून झाल्यावरहि तो पक्षी पूर्वींसारखाच आपल्या उद्योगांत गढलेला दिसला, तर तें चित्र खऱ्या अर्थानें साधलें.