लेझरने केस काढताय? पार्लरच्या भिंतीवरचा कागद आधी नीट वाचा

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या बाजारपेठेत बोर्ड बदलतात. कालपर्यंत फक्त 'ब्युटी पार्लर' लिहिलेलं असतं, आज खाली नवी ओळ येते : 'लेझरने कायमचे केस काढून मिळतील'. त्यासोबत सहा सिटिंगचं पॅकेज, आगाऊ पैसे भरले तर सूट. आत भिंतीवर चार-पाच फ्रेम लावलेल्या, शिक्के मारलेल्या. माणूस म्हणतो, एवढी सर्टिफिकेटं आहेत म्हणजे लायसन्स असणारच.

घोळ इथेच होतो. आपल्या राज्यात 'केस काढण्याचं लायसन्स' नावाचा वेगळा कागद कुणी देत नाही. त्यामुळे 'तुमच्याकडे लायसन्स आहे का?' असं विचारलं, की समोरचा कुठल्याही फ्रेमकडे बोट दाखवतो आणि आपण गप्प बसतो.

त्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा काय असतं? एक असतं शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ते. २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर दुकान सुरू केल्याची नुसती सूचना ऑनलाइन द्यायची असते. त्याची पावती मिळते, तीच फ्रेम होते. किराणा दुकानाला आणि पार्लरला कागद तोच. दुसरं असतं उद्यम नोंदणीचं. ते आधार नंबरवर, स्वतःच माहिती भरून, फुकट मिळतं. त्यावर सरकारी चिन्ह असल्यामुळे भारदस्त वाटतं एवढंच. तिसरं ब्युटीशियन किंवा कॉस्मेटॉलॉजीच्या कोर्सचं. हा कोर्स केलेला असणं चांगलंच आहे, पण ती डॉक्टरकीची पदवी नव्हे. यातला एकही कागद खोटा नसेल. मात्र समोरच्या माणसाला तुमच्या कातडीवर लेझर मारता येतं का, हे यातला एकही कागद सांगत नाही.

थ्रेडिंग आणि वॅक्सिंगची गोष्ट वेगळी. ते पार्लरचंच काम आहे, त्याला डॉक्टर लागत नाही. तिथे एवढंच बघा की ब्लेड नवं आहे, टॉवेल धुतलेला आहे आणि एकीला लावलेली पट्टी पुन्हा त्याच मेणाच्या डब्यात बुडवत नाहीत.

लेझरला डॉक्टर का लागतो, ते समजून घ्या. लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगाने शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजतं. पण तोच काळा रंग आपल्या कातडीतही असतो. कातडी जितकी सावळी, तितकी ती स्वतःच उष्णता ओढून घेते. मशीन चुकीचं निवडलं किंवा ताकद जास्त ठेवली तर फोड येतात, काळे डाग पडतात, कधी पांढरे चट्टे राहतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर नजरेलाही धोका. उन्हात कापणी-खुरपणी करून चेहरा रापलेला असेल तेव्हा तर लेझर पुढे ढकलायला हवं. जाणता डॉक्टर हे आधी विचारतो. आधी छोट्या जागेवर करून बघतो आणि मगच पुढे जातो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलीच्या हनुवटीवर, ओठावर जाड केस येतात, पाळी मागेपुढे होते, वजन वाढतं, तेव्हा कारण अनेकदा आत असतं. पीसीओडी असू शकतं, दुसरा हार्मोनचा बिघाड असू शकतो. त्याची तपासणी न करता वरून कितीही लेझर मारलं तरी केस परत येतात. क्वचित चेहऱ्यावर लेझरनंतर उलट जास्त केसही येतात. पार्लरमध्ये हे कोण विचारणार? तिथे पॅकेज विकायचं असतं. आणि 'कायमचे' हा शब्द बोर्डवर असला तरी लेझरने केस बरेच कमी होतात, विरळ होतात. वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसावरच ते काम करतं, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं. 'एका सिटिंगमध्ये काम संपलं' म्हणणाऱ्याकडून परत फिरा.

मग तपासायचं काय? माणूस. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना सांगतात की हे काम प्रशिक्षित डॉक्टरने किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावं. म्हणून पहिला प्रश्न : 'डॉक्टरांचं नाव काय आणि नोंदणी क्रमांक काय?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापावा, असा नियम २००२ पासून आहे.

क्रमांक मिळाला की मोबाइलवर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची वेबसाइट उघडा आणि नाव किंवा क्रमांक टाकून शोधा. नाव, पदवी जुळते का बघा आणि नोंदणी चालू आहे का तेही बघा, कारण दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही काढला आहे. दवाखान्यात तो लावलेला असेल तर स्कॅन करा, पण उघडलेलं पान खरंच परिषदेच्या वेबसाइटचं आहे का हे वरच्या पत्त्यात वाचून घ्या. कोड काय, कुणीही छापून चिकटवतो.

नाव तिथे सापडलं नाही म्हणजे लगेच 'बोगस' असा गवगवा करू नका. बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे आणि होमिओपॅथीवाल्यांची त्यांच्या वेगळ्या परिषदेकडे असते. तिथेही शोधा. मात्र बोर्डवर 'स्किन स्पेशालिस्ट' लिहिलेलं असेल तर नावापुढे एमडी (त्वचारोग), डीव्हीडी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी अशी पदवी दिसायला हवी.

अजून एक चलाखी चालते. बोर्डवर शहरातल्या डॉक्टरचं नाव, क्रमांकही खरा, पण डॉक्टर महिन्यातून एकदा येणार किंवा येणारच नाही. मशीन चालवणार पार्लरमधली मुलगी. म्हणून फोनवर विचारू नका, समोर जाऊन विचारा : 'डॉक्टर आज आहेत का? मला आधी तेच तपासणार का?' उत्तर गोलमोल आलं तर आगाऊ पैसे देऊ नका. देणारच असाल तर पावती घ्या. पावतीवर डॉक्टरचं नाव, कुठली ट्रीटमेंट, किती सिटिंग आणि किती रक्कम हे लिहून घ्या. 'जीएसटी वाचवा, रोख द्या' या बोलण्याला भुलू नका, नंतर हातात पुरावा राहत नाही.

एवढं करूनही काही बिघडलंच तर? भाजलं असेल तर आधी सरकारी रुग्णालयात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा. त्याच दिवशी उजेडात फोटो काढा. पदवी नसलेला माणूस डॉक्टरकी करत असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून काम केल्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. डॉक्टर नोंदणीकृत आहे पण हलगर्जीपणा झाला, तर तक्रार वैद्यक परिषदेकडे जाते. पैसे परत हवेत, भरपाई हवी, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील करायलाच हवा असंही नाही.

अशा तक्रारी मात्र फार होत नाहीत. मुलीच्या चेहऱ्यावर केस होते हेच घराबाहेर जाऊ नये असं वाटतं, जमत आलेलं लग्न मोडेल ही भीती असते. पॅकेज विकणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं. तक्रार आईने, भावाने किंवा नवऱ्यानेही नेऊन देता येते. मुलीला रांगेत उभं करायची गरज नाही. अर्जासोबत पावतीची आणि केसपेपरची झेरॉक्स जोडा, मूळ कागद आपल्याजवळच ठेवा.