दुर्बिणीमागचा डोळा

मलकपेठेतील आमच्या गच्चीवरून आता मोजकेच तारे दिसतात. शहराच्या दिव्यांचा उजेड फार. तरीही मध्यंतरी काही विद्यार्थ्यांना शनी दाखवावा म्हणून मी घरी बोलावले होते. तेव्हा एकाने विचारले, "सर, हल्ली दुर्बीण संगणकच फिरवतो, छायाचित्रेही तोच तपासतो. मग माणसाला काम ते काय उरले?" प्रश्न मार्मिक होता. त्याला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने मांडतो.

सूर्याभोवती फिरणारे बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असतात. काही मात्र पृथ्वीच्या कक्षेजवळ येतात. 15 फेब्रुवारी 2013 रोजी सुमारे 20 मीटर व्यासाचा असाच एक खडक रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ आकाशात फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, तीही बहुतांशी खिडक्यांच्या काचांनी! तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाही दिसला नव्हता. आकाशावर पाळत ठेवावी लागते ती यासाठीच.

ही पाळत ठेवतात कशी? दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत राहते, म्हणून छायाचित्रात तारे ठिपक्यांसारखे उमटतात. जवळून वेगाने जाणारा लघुग्रह मात्र रेघ ओढून जातो. अडचण अशी, की कृत्रिम उपग्रहही रेघच ओढतात. खरी रेघ कोणती, हे ठरवायचे कोणी?

2020 साली कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या 48 इंची दुर्बिणीवर हेच काम चालू होते. संगणक दर रात्री सुमारे 1 लाख छायाचित्रे चाळी आणि त्यांतून हजारेक बाजूला काढी. ती हजार छायाचित्रे माणसे डोळ्यांनी तपासत. त्यांत मुंबईच्या आय.आय.टी.तील कुणाल देशमुख आणि कृती शर्मा हे विद्यार्थी होते. 16 ऑगस्ट 2020 च्या एका छायाचित्रात कुणालला लांबलचक रेघ दिसली. ती '2020 क्यूजी' या लघुग्रहाची ठरली. भारतीय वेळेनुसार त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास तो हिंदी महासागरावरून अवघ्या 2950 किलोमीटर उंचीवरून निघून गेला होता. आकार 3 ते 6 मीटर, वेग सेकंदाला सुमारे 12 किलोमीटर. पृथ्वीच्या आकर्षणाने त्याचा मार्ग सुमारे 45 अंशांनी वळला. न आदळता इतक्या जवळून गेलेला लघुग्रह तोपर्यंत नोंदलेला नव्हता. हा विक्रम त्याच वर्षी नोव्हेंबरात मोडला.

लक्षात घ्या, छायाचित्र घेतले गेले तेव्हा तो येऊन गेल्याला सहा तास झाले होते. अशा पाहुण्याची जागा इतर दुर्बिणींनी तातडीने मोजली नाही, तर त्याची कक्षा निश्चित होत नाही आणि तो हरवतो. म्हणून रेघ ओळखणारा डोळा सराईत हवा, आणि तत्परही हवा.

हे काम आपल्या शहराला नवे नाही. मलकपेठेपासून फार दूर नसलेल्या फिसलबंड्यात नवाब जफर जंग यांनी 1901 च्या सुमारास वेधशाळा उभारली. पुढे ती बेगमपेठेत गेली आणि निजामिया वेधशाळा म्हणून नावारूपाला आली. आकाशाच्या जागतिक नकाशासाठी तेथील मंडळींनी काचेच्या छायापट्ट्यांवरील 7 लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. तेव्हा संगणक नव्हता. होती ती नजर आणि चिकाटी. 1968 मध्ये जापाल-रंगापूर येथे उस्मानिया विद्यापीठाची 48 इंची दुर्बीण उभी राहिली. पालोमारची ती दुर्बीणही तेवढीच, हे विशेष! डॉ. कृ. दा. अभ्यंकरांसारख्या मराठी शास्त्रज्ञाने याच विद्यापीठात खगोलशास्त्राचे विद्यार्थी घडवले.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "अरे, 1 लाखाचे हजार यंत्राने केले. हजारातून एक कोणी काढला? तुझ्याच वयाच्या मुलाने." तो काही बोलला नाही, पण पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला.